भाव सांगता, कारणही सांगा : पणनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पणन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. घरी आठ एकर कोरडवाहू आहे, खरिपाला सोयाबीन आणि त्यात थोडी तूर. एका पट्टीबद्दल, म्हणजे आडतीवर माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदाबद्दल, आपल्याला लिहायचं आहे.

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा आमच्या घरात विकायला एक कट्टाही नव्हता. आदल्या हंगामाचा माल चार हजारांच्या आसपास केव्हाच गेलेला. पण तो दहाचा आकडा वडिलांच्या मनात घर करून बसला. ऑक्टोबरात हडंब्यातून, म्हणजे मळणी यंत्रातून, नवा माल निघाला, तोवर भाव पाच हजारांवर आला होता. वडिलांनी चाळीस क्विंटल सोप्यात थप्पी मारून ठेवले. पुढच्या मार्चमध्ये सात हजार झाले. मी म्हणालो, आता काढू. ते म्हणाले, "दहा व्हते की रे. परत व्हतील."

त्याच मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं होतं. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, ती सवलत घालवायची नव्हती. माल सोप्यात आणि पैसे बाहेरून, असं झालं. दीड लाख उचलले, शेकडा दोन रुपये महिन्याने. दिवाळीला नवं सोयाबीन दारात आलं आणि जागा करायला जुनं काढावं लागलं. आडतीवरची ती पट्टी माझ्याकडे अजून आहे. दर 5,150. चाळीस क्विंटलचे काट्यावर अडतीस क्विंटल साठ किलो भरले, बाकीची घट. सात हजाराने दोन लाख ऐंशी हजार झाले असते, हातात दोन लाखसुद्धा आले नाहीत. वर आठ महिन्यांचं चोवीस हजार व्याज. एकूण लाखाच्या वर फटका.

माझे वडील हावरे नव्हते. पंचांगापेक्षा त्यांचा पावसाचा अंदाज बरा असे. दहा हजार कशाने झाले आणि पाच कशाने झाले, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी वर्गात मागणी-पुरवठ्याचे आलेख काढत होतो आणि माझ्याच घरातल्या थप्पीचं अर्थशास्त्र मला उमगत नव्हतं. त्यानंतर मी ते शिकलो. जे शिकलो ते इथे मांडतो, कारण माझी मागणी त्याच्यावरच उभी आहे.

सोयाबीन कुणी तसंच खात नाही. मिलमध्ये एक क्विंटल टाकलं की साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास डीओसी म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात जाणारी पेंड निघते. मिलवाला आपल्याला भाव देतो तो या दोन वस्तू विकून काय येईल त्यावर. समजा तेल किलोला 120 आणि पेंड 30. तेलाचे 2,160, पेंडीचे 2,400, झाले 4,560. त्यातून गाळपाचा खर्च, वाहतूक आणि नफा काढला की उरलं ते आपलं. आता तेल किलोमागे वीस रुपयांनी चढलं तर क्विंटलमागे 360 वाढतात. पण पेंड किलोमागे दहाच रुपयांनी उतरली तर 800 जातात. हे गणित मी अकरावीच्या वर्गात घातलं, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आपण तेल नाही, कोंबडीचं खाद्य पिकवतो." मी तिला बरोबर म्हणालो.

2021 चं कोडं इथेच सुटतं. जगात तेल कडाडलं होतं, देशात पेंडीची टंचाई होती, कुक्कुटपालनवाले अगतिक झाले होते. त्यांच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. पाठोपाठ नवा हंगाम आला. ज्या टंचाईने दहा हजार झाले होते ती टंचाईच संपली. वडील ज्या भावाची वाट बघत बसले, त्याचं कारण त्यांचा माल निघण्याआधीच गेलेलं होतं.

2024 चंही तसंच. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस झालं. गावोगावी वाटलं, आता सोयाबीन सुटलं. सुटलं नाही. हमीभाव 4,892 असताना बाजार चार हजारांच्या आसपास रेंगाळला. तेलाला टेकू मिळाला होता, पेंडीला नव्हता. जगात सोयाबीन मुबलक होतं, ब्राझील एकटा वर्षाला पंधरा कोटी टनांच्या घरात पिकवतो आणि आपण सव्वा कोटीच्या आसपास. शिवाय देशात मक्यापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढले. त्यांतून उरणारा चोथा डीडीजीएस नावाने पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि आपल्या पेंडीचं गिऱ्हाईक त्याने ओढलं. मक्याचा भाव चढला म्हणून जे शेतकरी खूश होते, त्यांच्याच दुसऱ्या वावरातलं सोयाबीन त्या मक्यामुळे पडत होतं. हे आमच्या तालुक्यात कुणी, कुठल्या सभेत सांगितलं? मी तरी ऐकलं नाही.

आता शिकागो, म्हणजे अमेरिकेतला तो शेतमाल बाजार, ज्याच्या भावाकडे जग बघतं. तिथला सोयाबीनचा भाव बुशेलवर असतो आणि सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे 27.2 किलो. 2024 आणि 2025 मध्ये बराच काळ तो भाव बुशेलला दहा डॉलरच्या आगेमागे होता. क्विंटलला झाले सुमारे 36 डॉलर 75 सेंट. डॉलर 90 रुपये धरला, आणि डिसेंबर 2025 मध्ये त्याने तेवढा पल्ला गाठलाच, तर 3,300 रुपये. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328. म्हणजे जगाच्या भावापेक्षा दोन हजारांनी वर. हे ऐकायला कडू आहे, पण ते लपवून शेतकऱ्याचं भलं होत नाही. तिकडे एकरी तेरा-चौदा क्विंटल निघतात, आपली देशाची सरासरी चार क्विंटलच्या आसपास. या दोन हजारांच्या दरीत सरकारी खरेदी आणि आयात शुल्क हे दोनच बांध आहेत. म्हणून बांध कधी घातला आणि कधी फोडला, हे आम्हाला वेळेवर कळलं पाहिजे.

रुपया घसरला की टीव्हीवर हळहळ होते. सोयाबीनवाल्याला तो घसरलेला रुपया थोडा उपयोगी पडतो, कारण बाहेरचं तेल महाग पडतं. पण तोच रुपया डिझेल महाग करतो आणि डीएपी खतसुद्धा, कारण ते बऱ्याच अंशी बाहेरून येतं. गोणीवर 1,350 छापलेले असले तरी फरक सरकारी अनुदानातून भरावा लागतो, आणि अनुदान ताणलं की दुकानात खत मिळत नाही. एकाच शेतकऱ्याच्या एका खिशात येतं, दुसऱ्यातून जातं.

दिल्लीची अडचण मला कळत नाही असं नाही. 2016 पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन वर दोन खाली, ठेवण्याचं बंधन आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. तेल भडकलं की पहिली झळ शहरातल्या कामगाराला बसते, आणि आमच्या गावातल्या भूमिहीन घरांनाही. शेतकरीसुद्धा तेलाचा पुडा दुकानातूनच आणतो. पारडं कुठे झुकवायचं हा राज्यकर्त्यांचा निर्णय आहे. माझं भांडण निर्णयाशी कमी आणि तो ज्या तऱ्हेने येतो त्याच्याशी जास्त आहे.

28 मे 2025 ला केंद्राने सोयाबीनचा हमीभाव 436 रुपयांनी वाढवून 5,328 केला. ती बातमी त्याच संध्याकाळी आमच्या पारावर होती. दोन दिवसांनी, 30 मेला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं, उपकर धरून एकूण शुल्क साडेसत्तावीसवरून साडेसोळा. ही बातमी पारावर आलीच नाही. आयात तेल किलोला 95 रुपयांना पडतं असं धरलं, तर 11 टक्के म्हणजे साडेदहा रुपये, अठरा किलोला सुमारे 190. एका हाताने 436 वाढल्याचं सांगितलं, दुसऱ्या हाताने बाजारातला टेकू काढला, आणि मृग आठवड्यावर आलेला. बियाणं घरात येऊन पडलेलं. तेव्हा कळलं असतं तर एखाद्याने दोन एकर सोयाबीन कमी करून तूर वाढवली असती. अर्थात तेव्हा तुरीचंही आयात शुल्क माफच होतं आणि मोझांबिकशी वर्षाला दोन लाख टनांचा करार होता, हेही त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणखी एक खिडकी बंद झाली. 20 डिसेंबर 2021 ला शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, थांबवले आणि मुदतवाढी देत ती बंदी 31 मार्च 2026 पर्यंत आणली. वायदे म्हणजे सट्टा, एवढंच गावात माहीत आहे. पण जूनमध्ये पेरताना ऑक्टोबरचा भाव मिलवाले काय धरतात, हे त्या आकड्यावरून दिसायचं. आणि पुट ऑप्शन म्हणजे तर भावाचा विमाच. थोडा हप्ता भरून ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क घ्यायचा. बाजार चढला तर हप्ता सोडून द्यायचा आणि माल चढ्या भावाने विकायचा, पडला तर फरक वसूल करायचा. एकट्या शेतकऱ्याला हे झेपणार नाही, शेतकरी उत्पादक कंपनीला झेपेल. मोठ्या तेल कंपन्या शिकागोत आणि मलेशियाच्या पाम बाजारात आपला धोका झाकू शकतात. औशाच्या शेतकऱ्याला ती सोय नाही. हा विषय केंद्राचा आहे, हे मला माहीत आहे. मराठवाड्याच्या वतीने तो दिल्लीत मांडणं मात्र आपल्या हातात आहे.

पूर्णपणे आपल्या हातातली गोष्ट वेगळी आहे, आणि या पत्राची खरी मागणी तीच. बाजार समितीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर लागतो. त्याच्या शेजारी एक फळा लावा. त्यावर पेंडीचा दर, तेलाचा दर, डॉलर, शिकागोचा भाव रुपये-क्विंटलमध्ये करून, आणि चालू आयात शुल्क लिहा. खाली दोन ओळी मराठीत, आज भाव का हलला. शुल्क बदललं की त्याच दिवशी प्रत्येक बाजार समितीतून आणि विकास सोसायटीतून मराठीत सूचना द्या, क्विंटलमागे अंदाजे किती फरक पडेल या हिशेबासह. राज्याच्या ‘स्मार्ट’ या कृषी प्रकल्पाच्या जोखीम निवारण कक्षाकडून संभाव्य किमतींचे अहवाल निघतात, शोधणाऱ्याला ते सापडतात. पण सौद्याच्या वेळी कट्ट्यावर बसलेल्या माणसाला ते सापडत नाहीत, आणि निर्णय तो तिथे बसून घेत असतो.

लातूरला सोयाबीनचा केवढा मोठा बाजार भरतो हे आपण जाणता. सुरुवात तिथून करा. फळा लिहायला माणूस मिळत नसेल तर आमचं कॉलेज दुपारी सुटतं. अकरावीची मुलं आणि मी, आठवड्यातून दोन दिवस येऊन लिहू. डीओसीचा हिशेब त्या मुलीला आता माझ्यापेक्षा लवकर येतो.

आपला,
एक शिक्षक
औसा तालुका, जि. लातूर