‘ऐतिहासिक वसई – एका दिवसात’ या सहलीचे चुकीचे नियोजन व जादा आकारणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सहल व गाडी बुकिंग विभाग,
नाशिक कार्यालय

विषय : नाशिक–वसई–नाशिक सहलीतील सेवेची त्रुटी आणि परताव्याची मागणी

महोदय,

आम्ही पंचवटीत राहतो. माझे वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांनी कित्येक वर्षं मुलांना नेऊन दाखवली. 1721 सालची ही पोर्तुगीज घंटा म्हणजे मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्याची खूण. घंटा जिथून आली तो किल्ला एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. गुडघे दुखतात, मुक्काम झेपत नाही, म्हणून एका दिवसात गाडीने जाऊन यायचं ठरवलं आणि तुमच्याकडे आलो. नुसती गाडी कुठेही मिळाली असती. आम्ही नियोजनाचे 500 रुपये वेगळे भरले, ते रस्ता आणि वेळ तुम्ही नीट बसवून द्याल म्हणून.

तुमच्या कागदावर लिहिलं होतं : पहाटे साडेपाचला प्रस्थान, कसारा घाट, अंबाडी फाट्यावरून वज्रेश्वरी, तिथून शिरसाडमार्गे वसई किल्ला, परतताना नालासोपाऱ्याचा स्तूप, 300 किलोमीटर, बारा तास, टोलसह 6,500 रुपये.

गाडी पावणेसातला दारात आली. कारण विचारलं तर उत्तर नाही. तरी ते सोडून देते. पण भिवंडीजवळ ड्रायव्हरने अंबाडीचा रस्ता धरलाच नाही, सरळ ठाण्याकडे गेला. ऑफिसने त्याला घोडबंदरमार्गेच जायला सांगितलं होतं. घोडबंदर रोडला सकाळी काय अवस्था असते हे गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला हवं का? ट्रकच्या रांगेत आम्ही तासाहून जास्त अडकलो. वज्रेश्वरी तर गेलीच. वसईच्या मोहिमेवर निघताना चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि विजयानंतर किल्ल्यासारखं तटबंदीचं देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. तिथून पुढे किल्ल्यावर जायचं, हा क्रम वडिलांनी तुमच्या माणसासमोर बसून ठरवला होता.

पुढे तर कहर झाला. ड्रायव्हरला पाठवलेलं लोकेशन वसई रोड स्टेशनचं निघालं! किल्ला तिथून बराच लांब, वसई गावाच्या पलीकडे समुद्राच्या बाजूला. विचारत विचारत पोहोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. भर उन्हात वडील हळूहळू चालत होते. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे कशी गेली, 1739 मध्ये मराठ्यांनी ती कशी घेतली, हे ते नातवाला सांगत होते. झाडांमधून सेंट जोसेफ चर्चचा मनोरा दिसू लागला आणि तुमच्या ऑफिसचा फोन आला : “निघा आता, बारा तास भरतील.” नातवाचा हात धरून वडील तिथूनच मागे वळले. मनोऱ्यापर्यंत ते पोहोचले नाहीत, सागरी दरवाजाही बघितला नाही.

सोपाराही रद्द झालं, कारण “किलोमीटर संपले”. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा जो कोरीव लेख आहे, त्यात ज्या शूर्पारकाचं नाव आहे, ते हेच सोपारा. वडिलांना या सहलीत किल्ल्याखालोखाल ओढ होती ती त्याचीच.

आता बिलाबद्दल. मीटरवर 392 किलोमीटर दाखवून 92 किलोमीटरचे, 14 रुपये दराने, 1,288 रुपये जादा लावले. टोलही पुन्हा वेगळा घेतला. नाशिकहून वसई किल्ला एका बाजूने सुमारे 170 किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन 340, त्यात सोपारा आणि तुमच्या गॅरेजपासूनचं अंतर वेगळंच. ही सहल 300 किलोमीटरमध्ये बसणारच नव्हती आणि तुमच्या ऑफिसला हे विकतानाच माहीत असायला हवं होतं. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं, त्याच्यावर काही ढकलू नका.

जादा किलोमीटरचे 1,288, नियोजनाचे 500 आणि वेगळा घेतलेला टोल पंधरा दिवसांत माझ्या खात्यात परत करावा. रस्ता कोणी आणि का बदलला याचं लेखी उत्तर द्यावं. तुमच्या काउंटरवर तोच 300 किलोमीटरचा कागद अजून वाटला जातो, तोही बदला. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणारी आणखी कुटुंबं त्यावर विसंबून पैसे भरत असतील.

बुकिंगची पावती, तुमचा कार्यक्रमाचा कागद, बिल आणि ड्रायव्हरला आलेल्या लोकेशनचा फोटो सोबत जोडला आहे. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

आपली,
एक ग्राहक
पंचवटी, नाशिक