दरकरार नंतर, आधी आदल्या दिवशीची ओटी लिस्ट

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियेच्या सामानाचा खर्च म्हटलं की बैठकीत विषय दरकरारावर, म्हणजे पुरवठादाराशी ठरवलेल्या दरांवर जातो. दर हवेतच. पण स्वस्तात घेतलेल्या टाक्यांच्या धाग्याचं निर्जंतुक पाकीट गरज नसताना फोडलं तर तो गेलाच. सोलापुरात ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करणाऱ्या आम्हा सर्जन-सिस्टरांचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियांची यादी, म्हणजे ओटी लिस्ट, नीट लिहिली तर ही नासाडी आदल्या संध्याकाळीच थांबवता येते.

जांघेचा हर्निया घ्या. एका बाजूच्या उघड्या शस्त्रक्रियेला कमकुवत जागेला आधार देणारी साधारण ७.५ × १५ सेंमीची जाळी पुरते, दुर्बिणीतून करायची तर १० × १५ किंवा मोठी लागते. स्टोअरमध्ये फक्त १५ × १५ असेल तर तीच फोडावी लागते. निम्मी कापून उरते आणि तो तुकडा दुसऱ्या पेशंटला चालत नाही. लिस्टवर मात्र नुसतं ‘हर्निया’. बाजू कुठली, एक की दोन्ही, उघडी की दुर्बिणीतून, काही नाही. मग सिस्टर सगळंच काढून ठेवते. चूक तिची नाही. ऐन वेळी धागा मिळाला नाही तर बोलणी तीच खाते.

म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियेचं एक कार्ड करावं, दोन रकान्यांचं: ‘उघडा’ आणि ‘हाताशी ठेवा, उघडू नका’. जाळी, स्टेपलर, ड्रेन (आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), जादा धागे दुसऱ्या रकान्यात. सर्जनने मागितलं, सिस्टरने आकार आणि मुदत मोठ्याने वाचली, की मगच पाकीट फोडायचं. भूलतज्ज्ञांचा होकार येईपर्यंत ट्रॉली मांडायची नाही, कारण टेबलावर बीपी चढलेलं दिसून केस पुढे ढकलली की मांडलेलं सगळं वाया. सीझर आणि अपघाताच्या केसेस यातून वगळाव्यात. तिथे सामान तयारच हवं, काटकसर नको.

केस संपली की कार्डावर दोनच आकडे: किती फोडलं, किती वापरलं. एका प्रकारच्या २० केसेस झाल्या की सर्जन, भूलतज्ज्ञ आणि इन्चार्ज सिस्टर यांनी बसून कार्ड सुधारावं. वीसही वेळा न लागलेली वस्तू दुसऱ्या रकान्यात जाईल. हत्यारांच्या सेटलाही हेच लागू. सेट खोलला की हात न लावलेले चिमटेसुद्धा धुऊन पुन्हा ऑटोक्लेव्हला (वाफेवर निर्जंतुक करायला) जातात. रेसिडेंट डॉक्टर बदलत राहतात, कार्ड ओटीतच राहतं.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात. बाजू, पद्धत आणि जाळीचा आकार नसलेली ओटी लिस्ट स्वीकारू नये, असा आदेश. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे मागणी जाताना जाळी आणि धागे आकारवार, कार्डांवरच्या वापराप्रमाणे. आणि वाचलेला पैसा त्याच ओटीला. खप घटला म्हणून पुढच्या वर्षी अनुदान कापलं, तर कार्डावर खरा आकडा कोणी लिहिणार नाही. त्या पैशातून आधी ते धागे आणि जाळ्या घ्याव्यात, ज्यांच्यासाठी अक्कलकोट-मंगळवेढ्याहून आलेल्या नातेवाइकांच्या हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी द्यावी लागते.

आपले,
सोलापुरातील सर्जन आणि ओटी सिस्टर