माझं वाक्य पूर्ण न करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

प्रेझेंटेशन झालं, मार्क लागले, ग्रुपमधले सगळे पुढच्या सबमिशनच्या मागे लागले. माझं मन मात्र अजून त्याच दिवशी अडकलंय. फोन करून तुमचे आभार मानावेत असं आधी ठरवलं होतं, पण फोनवर माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण अडखळत बोलणाऱ्या मुलामुलींशी कसं वागायचं हे ज्यांना अजून कळलेलं नाही, अशी माणसं प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक स्टाफरूममध्ये आहेत. त्यांनीही हे वाचावं.

आमचा विषय होता 'जनुकीय बदल केलेलं अन्न', म्हणजे जीएम अन्न. ज्यांच्याकडे आम्हाला मार्गदर्शनासाठी दिलं होतं, त्यांनी पेनड्राइव्हमधून मागच्या बॅचची पीपीटी काढून दिली. म्हणाले, "हीच घ्या, रंग बदला, नावं बदला. आणि विरोधातच बोला, टाळ्या मिळतात." मग लगेच वाटणी. एकाला प्रस्तावना, एकीला फायदे, एकाला तोटे. माझा नंबर आला तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ही स्लाइड बदलेल." ग्रुपमध्ये त्या विषयावर सगळ्यात जास्त मीच वाचलं होतं, पण ते विचारतो कोण? शाळेपासून हेच चालत आलंय. तोंडी परीक्षेत "बस, बस, कळलं" म्हणून अर्ध्यावर थांबवायचं, हजेरी घेताना माझ्या तोंडून 'हजर' निघायच्या आत पुढचं नाव घ्यायचं. त्या सगळ्यांचा मला राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

तुमच्यापर्यंत आम्ही कसे पोचलो, परवानगी कुणाची काढली, ते इथे सांगत बसत नाही. झाडांच्या रोगांवर उभं आयुष्य काम करून निवृत्त झालेल्या बाईंनी, ओळख ना पाळख, अशा पोरांसाठी दुपारच्या दुपार काढल्या, एवढं पुरे.

त्या जुन्या पीपीटीची पहिली स्लाइड तुम्हाला आठवत असेल. लालभडक टोमॅटो आणि त्यात खुपसलेली इंजेक्शनची सुई. तुम्ही नाक मुरडलं नाहीत. फक्त विचारलंत, "या सुईतून आत काय चाललंय?" कुणालाच सांगता येईना. मग तुम्ही कागद ओढून घेतलात आणि एक पेशी काढलीत. फळाला कुणी काही टोचत नाही, म्हणालात. जनुक जातं ते सुट्या पेशींमध्ये. एक तर ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जीवाणूच्या हातून. हा जीवाणू निसर्गातही आपला डीएनए झाडात घालतो आणि खोडावर गाठी आणतो. नाहीतर सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या बारीक कणांवर चढवून जीन गनने. ज्या पेशीत जनुक नीट बसलं, तिच्यापासून अख्खं रोप वाढवायचं. तो कागद मी जपून ठेवलाय.

पुढची स्लाइड होती माशाचं जनुक घातलेल्या टोमॅटोची, खाली 'आज बाजारात उपलब्ध' असं लिहिलेलं. थंडीत गोठू नये म्हणून एका माशाचं जनुक टोमॅटोत घालून पाहिलं होतं हे खरं, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. पण तो टोमॅटो कधी विक्रीला आलाच नाही. आला तो वेगळाच, १९९४ साली अमेरिकेत, फ्लेवर सेव्हर नावाचा. त्यात मासाबिसा काही नव्हता. टोमॅटोला मऊ पाडणारं जे त्याचंच एन्झाइम, त्याचं जनुक उलटं बसवून ते दाबलेलं होतं. काही वर्षांतच तो बाजारातून गेलाही. हे शोधायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली. मागच्या बॅचच्या मुलांनाही पुरली असती, त्यांना कुणी शोधा म्हटलं असतं तर.

आणि ते उंदीर! अंगावर मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांचा फोटो, ज्यावर त्या पीपीटीची सगळी भिस्त होती. "एका गटात उंदीर किती होते?" तुमचा पहिला प्रश्न. आम्ही मूळ पेपर काढला, २०१२ सालचा, फ्रान्समधल्या सेरालिनी यांच्या गटाचा. एका गटात दहा उंदीर. त्यातून ती उंदरांची जातच अशी, की वय झालं की तिला एरवीही गाठी येतात. नियतकालिकाने २०१३मध्ये तो पेपर मागे घेतला. २०१४मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापून आला. "हे तिन्ही सांगा," तुम्ही म्हणालात. "छापला, मागे घेतला, पुन्हा छापला. यातलं सोयीचं तेवढं उचलायचं नाही."

मला सगळ्यात आवडलं ते त्याच्या पुढचं. आमच्यातला एकजण लगेच दुसऱ्या टोकाला गेला, "म्हणजे जीएम एकदम सेफ!" तुम्ही त्यालाही सोडलं नाहीत. कुठलं पीक, कुठलं जनुक, तपासलं कशासाठी, हे विचारलंत. ब्राझील नटमधलं पौष्टिक प्रथिन सोयाबीनमध्ये आणायचा प्रयत्न झाला होता. ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या माणसांच्या रक्तद्रवावर ते सोयाबीन तपासलं, तर ॲलर्जी करणारं प्रथिनच त्यात उतरलेलं निघालं. १९९६ साली ते प्रसिद्ध झालं. ते सोयाबीन बाजारात आलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीज या विज्ञानसंस्थेचा २०१६चा अहवालही तुम्ही आम्हाला दोन्ही बाजूंनी वाचायला लावलात. बाजारात असलेली जीएम पिकं खाल्ल्याने नेहमीच्या पिकांपेक्षा माणसाच्या आरोग्याला जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा सापडला नाही, असं त्यात आहे. आणि त्याच अहवालात हेही आहे, की तणनाशक सहन करणारी जीएम पिकं जिथे घेतात, तिथे तणनाशकाला दाद न देणारी तणं ही शेतीतली मोठी अडचण होऊन बसली आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच स्लाइडवर हवीत, असा तुमचा हट्ट होता. आमच्या मूळ मार्गदर्शकांना ती स्लाइड 'कन्फ्यूजिंग' वाटली. मला ती आमच्या अख्ख्या कामातली सगळ्यात सरळ स्लाइड वाटते.

मग तुम्ही विचारलंत, "पपईवर कुणी वाचलंय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग पपई ही सांगेल," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलात. "जमेल ना तुला?" नाही, "आपण तिला थोडंसंच देऊ" नाही. ज्याने वाचलंय तो बोलेल, इतकी साधी गोष्ट.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते.

अडखळणारी माणसं लहानपणापासून शब्द चुकवायला शिकतात. 'परवा'वर अडेल असं वाटलं की 'दोन दिवसांनी' म्हणायचं. बोलता बोलता डोक्यात सतत पुढचा खड्डा शोधायचा आणि वळसा घालायचा. पण पपईला काय म्हणणार? त्या शब्दात दोन 'प', आणि 'प' हाच माझा सगळ्यात वाईट. हवाईतला ओआहू बेटावरचा पपईचा रोग, १९९२मध्ये हवाईतल्याच पुना भागात पोचलेला त्याचा विषाणू, डेनिस गोन्साल्विस हे वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम, १९९८मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलेलं, त्या विषाणूला दाद न देणाऱ्या जीएम पपईचं बियाणं, सगळं मला पाठ होतं. उभी राहिले, पहिलंच वाक्य, आणि 'प'वर गाडी थांबली. ओठ मिटलेले, आवाज नाही. वर्गात ती शांतता पसरली जी मला चांगली ओळखीची आहे, कुणीतरी हसू दाबतंय अशी.

तुम्ही पहिल्या बाकावर होतात, हातात पेन, समोर गुणांचा कागद. तुम्ही पेनला टोपण लावलंत आणि पेन कागदावर आडवं ठेवलंत. बस, एवढंच. घड्याळाकडे पाहिलं नाहीत. मान हलवून धीर दिला नाहीत. 'सावकाश, सावकाश' म्हणाला नाहीत. ते ऐकलं की घसा आणखी आवळतो, हे म्हणणाऱ्याला कधी कळत नाही. माझ्याकडे बघत राहिलात, पुढे काय येणार आहे ते तुम्हाला खरंच ऐकायचंय अशा नजरेने. मागून कुणीतरी मदत म्हणून "पपई!" असं ओरडलं, तेव्हा वळूनही न बघता तुम्ही फक्त तळवा जरासा वर केलात. पुन्हा कुणी बोललं नाही.

आणि शब्द आला. माझा मी आणला.

नंतर प्रश्नांच्या वेळी तुम्ही मलाच धरलंत, तेही अवघड प्रश्नाने. "विषाणूचंच जनुक पपईत घातलं, तर रोग व्हायचा सोडून टळला कसा?" मला सोपा प्रश्न दिला असतात तर मला ते लागलं असतं. मी सांगितलं, की घातलं ते फक्त विषाणूच्या आवरणाचं प्रथिन बनवणारं जनुक, त्याने रोग होत नाही. पण त्या जनुकापासून बनणारा आरएनए झाड परका म्हणून ओळखतं आणि त्याचे तुकडे करतं. मग खरा विषाणू आला, की त्याच्यातही तोच मजकूर असतो, आणि झाड त्याचेही तुकडे करतं. हे एवढं सांगायला मला किती वेळ लागला असेल! दुसऱ्या कुणी पाव वेळात सांगितलं असतं. तुमचं पेन तोपर्यंत तसंच आडवं. माझं बोलून संपल्यावर तुम्ही टोपण काढलंत आणि लिहिलंत.

माझं वाक्य दुसऱ्याने पूर्ण केलं की लोकांना वाटतं, मदत झाली. मॅडम, त्या क्षणी माझ्या हातातून माझी गोष्ट काढून घेतलेली असते. त्यातही पुष्कळदा ते पूर्ण करतात ते वाक्य माझं नसतंच. मला म्हणायचं असतं एक, ते बोलतात दुसरं, आणि ते दुरुस्त करायचं तर पुन्हा तोंड उघडायचं आलं, म्हणून मी मान डोलावते. अशा किती खोट्या माना मी डोलावल्या असतील.

थांबणं हा काही फार मोठा त्याग नाही, पण थांबणारी माणसं फार थोडी भेटतात. माझी आजी थांबायची. पास काढायच्या खिडकीवरचे एक काका थांबतात, मागे रांग कितीही लांब असो. अशी माणसं कुणावर उपकार केल्याचा आव आणत नाहीत, त्यांना बहुधा आपण काही केलं असं वाटतही नसेल. तुम्हीही हे पत्र वाचून "अगं, मी काय केलं?" असंच म्हणाल. पेनाला टोपण लावलंत, ते केलंत. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याबद्दल मत लिहून टाकायचं नाही, एवढी सभ्यता ज्यांच्याकडे असते त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं वेगळी घडतात. आमच्या ग्रुपचंच बघा ना. पूर्वी चॅटवर सुद्धा माझ्या अर्ध्या ओळीवर उत्तरं यायची. आता, का कुणास ठाऊक, थांबतात. उंदीर किती होते हे विचारायची सवय लागलेली माणसं दुसऱ्याचं बोलणंही पूर्ण ऐकू लागतात की काय, मला माहीत नाही. आमच्यात तरी दोन्ही एकाच महिन्यात झालं.

आता तुमच्या प्रश्नाचं. जाताना दारात थांबून तुम्ही विचारलं होतंत, की २०२१पासून जपानमध्ये विकला जाणारा, गॅबा नावाचं अमिनो आम्ल वाढवलेला टोमॅटो जीएम म्हणायचा की नाही. त्यात टोमॅटोच्याच एका जनुकात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने छोटा बदल केलाय, बाहेरचं जनुक नाही. आम्ही वाचलं. जपानने तो जीएमच्या नियमांत धरला नाही. युरोपीय न्यायालयाने २०१८मध्ये अशा जनुक-संपादित पिकांना जीएमचेच नियम लावले होते. यावर आमच्या ग्रुपचे सरळ दोन तट पडलेत. माझं मत असं, की काय बदललं आणि ते कुणी, कसं तपासलं हे आधी पाहावं, नाव काय द्यायचं ते नंतर. पण बाकीच्यांना ते पटलेलं नाही आणि त्यांच्याकडेही मुद्दे आहेत.

पुढच्या सत्रात हाच विषय घ्यायचा असं ठरलंय. मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव दिलं तर चालेल का? कॉलेजला अर्ज वगैरे काय लागेल ते आम्ही बघू. नाही म्हणालात तरी ऐकायला मात्र या. क्रिस्परचा भाग माझ्याकडे आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी