जेकार्डवर विणलेला वायफायचा पडदा: वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न.

मेटामटेरियल, म्हणजे आखीव रचनेमुळे लहरींना हवे तसे वळवणारा किंवा अडवणारा पदार्थ, म्हटले की लोकांना अदृश्य करणारा झगा आठवतो. 2006 साली ड्यूक विद्यापीठात तांब्याचा छोटा सिलिंडर मायक्रोवेव्ह लहरींपासून बराचसा लपवला गेला, तेव्हापासूनचा हा गाजावाजा. आमचे मागणे साधे आहे: लहरी अडवणारे कापड मोजण्याची सोय सोलापुरात द्या. धातूची नक्षी नेमक्या मापात पुन्हा पुन्हा उमटवली की ती ठरावीक लहरी अडवते, बाकीच्या सोडते. नक्षी उमटवायला सोलापूरच्या जेकार्डला, म्हणजे नक्षीदार कापड विणणाऱ्या मागाला, शिकवावे लागत नाही.

समजा, 5.5 गिगाहर्ट्‌झचे वायफाय खोलीतच ठेवायचे आणि 900 मेगाहर्ट्‌झचा मोबाइल चालू राहू द्यायचा. या वायफायच्या लहरीची लांबी 54.5 मिलिमीटर. नक्षीतल्या धातूच्या चौकोनी कड्याची परिमिती साधारण तेवढीच लागते, म्हणजे बाजू साडेतेरा मिलिमीटर. इंचाला 40 ताणे आणि तेवढेच बाणे धरले तर बाजूला 21 धागे. एक धागा वाढला की अडवली जाणारी वारंवारिता सुमारे 250 मेगाहर्ट्‌झने घसरते. धुतल्यावर कापड 5 टक्के आटले, तर जवळजवळ 290 ने चढते.

खरी डोकेदुखी वेगळीच. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा ताण्यात घातला की तो कड्याकड्यांतून सलग जातो. मग त्या दिशेने डोलणाऱ्या मोबाइलच्या लहरीही अडकतात. म्हणून मागचे सुटे धागे कापावे लागतात. ताणा-बाणा एकमेकांना टेकतात तिथला विद्युत संपर्कही भरवशाचा नसतो. तो तुटला की कडे अर्धवट राहते. आणि सूत नको, पॉलिस्टर घ्या: सूत हवेतला सुमारे 8 टक्के ओलावा धरते, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि ओलाव्याने वारंवारिता सरकते. चादरीच्या गावाला हे सांगताना आम्हालाही जड जाते.

हे सारे मोजल्याशिवाय कळत नाही. नमुना मुंबईला पाठवून अहवाल येईपर्यंत माग दुसऱ्या ऑर्डरला लागलेला असतो. त्यामुळे इमारत नको; 8 गिगाहर्ट्‌झपर्यंतचा व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर (कोणत्या वारंवारितेची लहर किती पार होते ते मोजणारे यंत्र), दोन हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचे) अँटेना आणि लहरशोषक फोमने वेढलेली 60 सेंटिमीटरची चौकट द्या. आधी रिकामी चौकट मोजायची, मग कापड. मग तेच 90 अंश फिरवून, 45 अंश तिरपे करून आणि धुऊन.

राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मिशनला 2020 मध्ये 1480 कोटी मंजूर झाले. त्यापुढे या सामानाचा खर्च चिल्लर आहे. मात्र कॅलिब्रेशन किट (यंत्राचे माप बरोबर लावायचा संच) आणि ते वापरता येणारा एक माणूस यांची तरतूद मूळ प्रस्तावातच लिहा. ती राहिली तर यंत्र कपाटात जाईल.

आपले,
सोलापुरातील काही विणकर व मायक्रोवेव्ह अभियंते