आशाताई, तुम्ही दाखवलेल्या पाखाडीबद्दल थँक्यू

ताई, नमस्कार,

तुम्हाला एकट्यात थँक्यू म्हटलं की "त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच सासूबाईंच्या बीपीवर गाडी नेता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, आणि तसंही दापोली तालुक्यातल्या आमच्या त्या एवढ्याशा वाडीत तुम्हाला आशाताई सोडून दुसऱ्या नावाने हाक मारतं कोण, तुमच्या घरचे सोडले तर.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. ताई आमच्या गावच्या 'आशा', म्हणजे घरोघर फिरून आरोग्याचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्या, आणि पाखाडी म्हणजे डोंगरावर चढणारी दगडी पायऱ्यांची वाट. २०२० ची होळी ९ मार्चला होती. सासूबाई शिमग्याला गावी गेल्या, पालखी घरी येऊन गेली की आठवड्याभरात परत येते म्हणाल्या, आणि मग काय, २२ तारखेला जनता कर्फ्यू, संध्याकाळी सगळ्या सोसायटीने ताटं बडवली, त्याच रात्रीपासून लोकल बंद, आणि २५ ला ऐन गुढीपाडव्याला देशभर लॉकडाऊन सुरू. सासूबाई तिकडे एवढ्या मोठ्या घरात एकट्या आणि आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये तिघं, मी, हे आणि आमचा आठ वर्षांचा चिरंजीव.

डोंबिवलीतले ते दिवस सगळ्यांनी आपापल्या घरी काढलेच आहेत, नवीन काय सांगणार. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात, मग कोथिंबिरीला साबणाचा वास येतोय का ते हुंगून बघायचं. ह्यांचं ऑफिस इस्त्रीच्या टेबलावर, तेही स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे मीटिंग चालू असेपर्यंत कुकर लावायचा नाही असा घरात नियमच झाला होता आणि मीटिंगा बरोब्बर साडेबाराला असायच्या. टीव्हीवर रामायण परत लागलं तर पोराने खराट्याच्या निम्म्या काड्यांचे बाण केले. सुरुवातीला मजा वाटली. पण एप्रिल संपता संपता तो गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून नुसता बसायला लागला, काही मागायचा नाही, हट्ट नाही, मस्ती नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

त्या सगळ्या काळात आमचा सासूबाईंशी संपर्क म्हणजे तुम्ही. त्यांना व्हिडिओ कॉल जमत नाही, फोन कानाला लावतात आणि आम्हाला त्यांचं कानातलं दिसतं. तुम्ही वाडीत फेरीला यायचात तेव्हा फोन हातात धरून समोर उभ्या राहायचात, लांबून, तोंडाला ब्लाऊजपीसचा शिवलेला मास्क. बीपीच्या गोळ्या संपत आल्या तर त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं, उगाच पोरांना काळजी म्हणून. तुम्ही स्ट्रिप उलटी करून मोजल्यात, आम्हाला फोटो पाठवलात, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच नावाची गोळी नव्हती तर डॉक्टरांना विचारून त्याच औषधाची दुसरी आणलीत, आणि वर सासूबाईंना दम भरलात की गोळी अर्धी करून खायची नाही. अर्धी करून! दोन दिवस पुरावी म्हणून!! मला हे तुमच्याकडूनच कळलं.

मे महिन्यात ई-पास मिळाला. डॉक्टरचं सर्टिफिकेट, गाडीच्या काचेवर चिकटवलेला पास, कशेडी घाटाच्या चेकनाक्यावर गाड्यांची ही रांग, तिथे आमची नावनोंदणी, हातावर होम क्वारंटाईनचा शिक्का, आणि गावात पोचलो तर वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर बांबू आडवा. पलीकडे चार-पाच माणसं उभी. त्यातले दोघं तर ह्यांच्याबरोबर शाळेत होते. "मुंबईवाले" म्हणाले आम्हाला, ह्यांना शाळेत ठेवा म्हणाले. राग आला तेव्हा, आता तेवढा नाही येत, घाबरलेले होते बिचारे, टीव्हीवर रोज मुंबईचे आकडे बघत होते आणि सिव्हिल हॉस्पिटल तिकडे रत्नागिरीला, किती तास लांब.

तिथे तुम्ही आलात. भांडला नाहीत, आवाज चढवला नाही. वही उघडलीत आणि म्हणालात, शाळेत संडास दोन, आधीच माणसं किती आहेत बघा, ह्यांचं घर वाडीच्या टोकाला, विहीर स्वतःची, संडास स्वतःचा, म्हातारीला गडग्यापलीकडे (गडगा म्हणजे दगडी कुंपण) काकींकडे झोपायला पाठवू, १४ दिवस मी रोज येऊन बघेन, मला कळलं नाही तर मला धरा. झालं. बांबू बाजूला. मी गाडीत रडत होते हे तुम्हाला दिसलं की नाही माहीत नाही, तुम्ही काचेतून फक्त एवढंच विचारलंत, "पोराला खोकला?"

रोज यायचात म्हणजे खरंच रोज यायचात. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला उभं राहून ताप, खोकला, सर्दी, श्वास, चव, एकेकाला विचारून वहीत टिक. थर्मल गन नंतर मिळाली तुम्हाला आणि पहिल्याच दिवशी तिने ह्यांचं टेम्परेचर ९३ दाखवलं. तुम्ही गन बघितलीत, ह्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "ह्याच्या हिशोबाने तुम्ही गेल्यात जमा." त्या घरात त्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा तेव्हा हसलो.

सासूबाई गडग्यापलीकडून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायच्या आणि पोरगा अलीकडून बघायचा. हे मी पण पहिल्यांदाच नीट बघितलं, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला आमसूल म्हणजे बरणीतलंच माहीत. लालजर्द फळं, मधे कापून बिया आणि गर एका पातेल्यात, सालं सुपात पसरून उन्हात, मग त्या गराच्या रसात मीठ घालून सालं त्यात बुडवायची आणि परत उन्हात, परत बुडवायची परत उन्हात, काळीभोर होईपर्यंत. आजीची बोटं जांभळी झाली होती. पोराला हात लावता येत नव्हता तर तो इकडून सूचना देत होता, "आजी, ते एक राहिलं, डावीकडचं."

१४ दिवस संपले आणि खरा प्रश्न आला. कागदावर आम्ही मोकळे, पण रस्त्याने चाललो की लोक दारं लावायचे. दुकानात गेलं की बाकीचे बाजूला व्हायचे. परत घरातच बसायची वेळ, फक्त घर मोठं. हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. तुम्हीच एक दिवस सकाळी साडेसहाला आलात, वही नाही, बॅग नाही, हातात काठी, आणि म्हणालात, "चला, सड्यावर जाऊन येऊ, पोराला बूट घाला." सडा म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार.

घराच्या मागे परसातून पाखाडी वर जाते हे ह्यांनाही आठवत नव्हतं. जांभ्याच्या पायऱ्या, निम्म्या पाल्याखाली गेलेल्या. तुम्ही पुढे काठी आपटत, मागे पोरगा, मागे मी धापा टाकत. वाटेत सांगत होतात, ह्या दोन वाड्यांमधला हा माझा शॉर्टकट, सड्याच्या वस्तीवर गरोदर बाई आहे, तिला आठवड्यातून एकदा बघायला हाच रस्ता. म्हणजे जे मला फिरणं होतं ती तुमची ड्युटी होती. वर पोचलो तर हा एवढा मोकळा कातळ, आणि वारा, आणि लांब खाली खाडीचं पाणी. पोरगा पाचेक मिनिटं काही बोलला नाही. मग एकदम पळत सुटला. नुसता पळत होता, कशाच्या मागे नाही, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, आणि मी थांबवायला गेले तर तुम्ही म्हणालात राहू द्या हो, कोण आहे इथे.

करवंदं शेवटाला आली होती पण होती. चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ त्याला तुम्ही शिकवलात, त्याच्या बापाला माहीत होता पण सुचला नव्हता. परत येताना त्याच्या ओठाला सगळा चीक आणि शर्टावर डाग. त्यानंतर आम्ही रोजच जायला लागलो, तुम्ही सांगितलेले नियम पाळून, सातच्या आत निघायचं, काठी आपटत चालायचं, दगड उचलायचा नाही, वस्तीच्या विहिरीवर जायचं नाही. एकदा संध्याकाळी उशीर झाला आणि पाखाडीवर दोन्ही बाजूंच्या झाडांत काजवे, लाखो म्हणावेत एवढे, आणि पोरगा मला हळूच विचारतो, आई, हे ह्यांचं रोजचं आहे का? पाऊस लागेपर्यंतच असतं असं तुम्ही नंतर सांगितलंत.

मग ३ जूनचं निसर्ग वादळ. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. श्रीवर्धन-दिवेआगरला किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडे दुपारपर्यंत पोफळी (सुपारीची झाडं) एकामागून एक मोडताना ऐकू येत होत्या. निम्मी कौलं गेली, परसातलं कलम मुळासकट आडवं, वीज गेली ती कित्येक दिवस, फोन मुके. पाखाडीवर झाडं पडून रस्ताच नाहीसा. आणि त्या पडलेल्या झाडांवरून चढून तुम्ही आलात, साडी खोचलेली, गोळ्यांची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सासूबाईंना गोळी दिलीत, जखमा कोणाला झाल्यात का विचारलंत आणि पुढच्या घराकडे गेलात. तुमच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडून गेलेत आणि तुमची मुलं शेजारी झोपतायत हे आम्हाला काकींनी सांगितलं, तुम्ही नाही.

१५ जूनला पोराची शाळा मोबाईलवर सुरू झाली आणि नेटवर्क परत आलं तेव्हा ते फक्त सड्यावर. ती जागाही तुम्हीच दाखवलीत, मोठ्या दगडाच्या उजवीकडे दोन पावलं. तिथे छत्री धरून मी उभी, खाली प्लास्टिकवर पोरगा बसलेला, आणि कातळावरच्या डबक्यांतून बेडूक एवढे ओरडत होते की मॅडम म्हणाल्या, ज्याच्या घरी मिक्सर चालू आहे त्याने प्लीज म्यूट करा. 😄

गणपतीला चाकरमानी आले, त्यांना १० दिवसांचं विलगीकरण होतं, म्हणजे तुमची वही परत जाड झाली. आम्ही २ सप्टेंबरला ई-पास बंद झाल्यावर परतलो आणि तुमचं लगेच १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू, घरोघर जाऊन ऑक्सिमीटर लावायचा. त्यात तुमचं कुटुंब कुणाच्या जबाबदारीवर होतं ते कुणी विचारलं का?

आता थोडं पैशाचं बोलते, तुम्हाला आवडणार नाही पण बोलते. आशांना पगार नसतो, केलेल्या कामाप्रमाणे मोबदला असतो, हे मला तुमच्याकडून कळेपर्यंत माहीत नव्हतं, आणि कोविडच्या कामाचे तेव्हा केंद्राकडून वरचे १००० रुपये महिन्याला, म्हणजे दिवसाचे ३३ रुपये आणि काही पैसे. दापोलीहून आमच्या वाडीपर्यंतचं सहा आसनी रिक्षाचं भाडं त्याहून जास्त आहे. २०२१ च्या जूनमध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा आमच्या सोसायटीत एक गृहस्थ म्हणाले, अशा वेळी संप करतात का. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही ताट मस्त वाजवलं होतं हो. त्यानंतर ते माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत. चालेल मला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या दहा लाखांवर आशांना पुरस्कार दिला, मी अभिनंदनाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "हो, मोबाईलवर फोटो आला." एवढंच.

पोरगा आता तेरा पार झालाय, मिशी यायच्या बेतात आहे, पण उन्हाळ्यात गावी जायचं म्हटलं की मोबाईल बाजूला ठेवून पहिला प्रश्न सड्याचाच. पाखाडीवरची झाडं वाडीतल्या लोकांनीच मिळून तोडून रस्ता मोकळा केला, त्यात तो बांबूवाला ह्यांचा शाळेतला मित्र सगळ्यात पुढे होता हेही इथे लिहून ठेवते, म्हणजे उगाच कुणाचा गैरसमज नको.

तर ताई, गोळ्या मोजल्याबद्दल, बांबू हलवल्याबद्दल, ९३ टेम्परेचरवर हसवल्याबद्दल, त्या सकाळी वही घरी ठेवून काठी घेऊन आल्याबद्दल, मनापासून थँक्यू. आम्ही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. सासूबाईंची गोळी डॉक्टरांनी बदललीये, सकाळची एक आणि रात्रीची अर्धी, ह्या वेळेस अर्धी डॉक्टरांनीच सांगितलीये, तेव्हा त्यांना ओरडू नका. आणि डोंबिवलीहून काय आणू ते कळवा, "काय नको" असं उत्तर चालणार नाही.

तुमची,
गडग्याअलीकडची सून