छकुलीला सांग, एक नाही दोन भाषा घे

प्रिय मन्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले, फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता आलं असतं पण तू मध्येच "एक मिनिट हं" म्हणून दुसरा कॉल घेतला असतास हे मला माहितीये, म्हणून हे लांबलचक पत्र. वाच आणि छकुलीला फॉरवर्ड कर. तिला स्लाव्हिक डिपार्टमेंटला अ‍ॅडमिशन घ्यायचीये म्हटल्यावर तुम्ही सगळे "त्याचा उपयोग काय" करत बसलात आणि तेव्हा कुठे तुला मी आठवलो. पाच वर्षं झाली मी हेच शिकतोय, तू एकदाही विचारलं नव्हतंस. असो.

आधी एक गैरसमज काढतो. सगळ्यांना वाटतं मी रशियन शिकतो, माझ्या आईलाही. स्लाव्हिक म्हणजे अख्खं खटलं आहे रे. पूर्वेला रशियन, युक्रेनियन, बेलारूसी, पश्चिमेला पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि जर्मनीत तगून राहिलेल्या दोन छोट्या सोर्बियन भाषा, दक्षिणेला स्लोव्हेन, सर्बियन-क्रोएशियन-बॉस्नियन-माँटेनिग्रन (या चार आहेत का एकच हे त्या लोकांसमोर विचारायचं नाही), मॅसेडोनियन आणि बल्गेरियन. मीही पहिल्या वर्षी फक्त रशियनसाठीच आलो होतो, जाडजाड कादंबऱ्या मुळातून वाचायच्या वगैरे. ते खूळ तीन महिन्यांत उतरलं कारण तीन महिन्यांनीसुद्धा मी "हे माझं पेन आहे"च्या पुढे गेलो नव्हतो. आणि त्या वाक्यात "आहे" नसतंच, वर्तमानकाळात ते गाळूनच टाकतात.

पण छकुलीला हे सांग की मराठी येणाऱ्याला इथे फुकटचा फायदा आहे. तीन लिंगं, तिला सवय आहे. विभक्ती रशियनमध्ये सहा, पोलिश, चेक, युक्रेनियनमध्ये सात, आपण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेलंच आहे. टेबल बघतो पण मित्राला बघतो, म्हणजे सजीव असला तर कर्माचं रूप बदलायचं, हे इंग्लिशवाल्या पोरांना समजावताना टीचर घामाघूम व्हायच्या आणि मी मागे निवांत. "मला थंडी वाजते", "मला आवडतं", "माझ्याकडे आहे" ही वाक्यं रशियनमध्ये जवळपास आपल्यासारखीच बांधतात, "मी"ला कर्ता करून बोंबलत फिरत नाहीत. भूतकाळाचं क्रियापद बोलणारा पुरुष की बाई बघून बदलतं, गेलो-गेले तसंच. आणि इथेच माझी फजिती झाली. आमच्या टीचर लेक्चर संपलं की रोज हुश्श करून "या उस्ताला" म्हणायच्या, ते ऐकून ऐकून मी उचललं, आणि तोंडी परीक्षेत "कसे आहात" विचारल्यावर ऐटीत म्हटलं "या उस्ताला". पूर्ण पॅनल हसायला लागलं. "उस्ताल" म्हणायला हवं होतं, मी "मी थकले" म्हणालो होतो! जन्मभर थकलो-थकले करणाऱ्या माणसाने ही चूक करावी म्हणजे कहर आहे. अजूनही वर्गातली दोन पोरं मला भेटली की "उस्ताला?" विचारतात.

मग शब्द. दोन-तीन-चार, भाऊ, आई, दार, मध हे संस्कृतशी जुळतात हे कोणीही सांगेल, पण मला झटका बसला तो नात्यांच्या तक्त्याला. सून म्हणजे स्नखा, आपली सून संस्कृतातल्या स्नुषेवरून आली, तीच ही. सासू स्विक्रोफ, सासरा स्व्योकर, श्वश्रू आणि श्वशुर. दीर म्हणजे द्येविर. आणि आता रशियनमध्ये कोणी वापरत नाही असा एक जुना शब्द आहे यात्रफ, नवऱ्याच्या भावाची बायको, म्हणजे आपली जाऊ, दोन्ही एकाच मुळाचे. काही हजार वर्षांपूर्वी जी भाषा फुटली त्यातून दोन्ही टोकांना अख्खं सासर जसंच्या तसं पोचलं बघ! मी त्या रात्री आईला फोन करून तक्ता वाचून दाखवला, तिने फक्त "जेवलास का" विचारलं.

अवघड काय ते पण सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या पडतील. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कुठे पडेल याचा नेम नाही, झामक म्हणजे किल्ला आणि झमोक म्हणजे कुलूप, लिहायला दोन्ही सारखेच. जाणे-येणेच्या क्रियापदांवर एक पूर्ण सेमिस्टर जातं, पायी की वाहनाने, एकदाच की नेहमी, ते मी इथे सोडतो, तिची तीच भोगेल. खरी गंमत क्रियापदांच्या जोड्यांची. जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला दोन रूपं, एक नुसतं "वाचणं", दुसरं "वाचून काढणं, वाचून टाकणं". आपल्याकडे ते टाकणं-काढणं मर्जीवर आहे, तिथे प्रत्येक वेळी निवडावंच लागतं. टीचरनी विचारलं, कादंबरी "प्रचिताल?" म्हणजे वाचून झाली का. मी म्हणालो "चिताल". म्हणजे वाचली हो, वाचत होतो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. थाप मारायची तर व्याकरण तरी बरोबर हवं ना, मी एका उपसर्गाने पकडला गेलो.

आता ज्या गोष्टीमुळे मी इथे टिकलो ती. रशियाच्या वायव्येला नोव्हगोरोद म्हणून जुनं शहर आहे, तिथे १९५१ मध्ये उत्खननात भूर्जाच्या सालीवर टोकदार काडीने कोरलेलं एक पत्र सापडलं, मग सापडतच गेली, आतापर्यंत अकराशेच्या वर. (भूर्जाला रशियनमध्ये बिऱ्योझा म्हणतात, तेही आपल्या भूर्जाचंच भावंड.) ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत साल कुजली नाही म्हणून वाचली. राजेरजवाड्यांचे शिलालेख नाहीत हे, उधारीच्या याद्या, घरची भांडणं, नवऱ्याला लिहिलेले निरोप. त्यात तेराव्या शतकातल्या ओनफीम नावाच्या पोराचा गठ्ठा आहे, वय असेल सहा-सात. बा, व्हा, गा, दा, मग बे, व्हे, गे, दे... अक्षरशः बाराखडी गिरवतोय रे! आणि गिरवून कंटाळला की चित्रं. घोड्यावर बसलेला वीर, खाली पडलेल्या शत्रूत भाला खुपसलेला, आणि वीराशेजारी स्वतःचं नाव. एका चित्रात काहीतरी चमत्कारिक जनावर काढलंय आणि लिहिलंय "मी रानटी प्राणी आहे", आणि त्याच सालीवर दानीलो नावाच्या कोणालातरी नमस्कार. माणसांच्या हाताला बोटं किती काढायची याचा काही हिशेब नाही, कुठे तीन, कुठे जास्त. प्रोजेक्टरवर ते बघितलं आणि मला तुझी तिसरीतली गणिताची वही आठवली.

पण मन्या, मुद्दा पुढेच आहे. दुसऱ्या वर्षी दुसरी स्लाव्हिक भाषा घेणं कंपल्सरी होतं, मी पोलिश घेतली, थोडं चेकही बघितलं, आणि मला वाटलं होतं की रशियन येते म्हणजे अर्धं काम झालं. चेकमध्ये पाटीवर "पोझोर" असतं, म्हणजे लक्ष द्या, सावधान. रशियनमध्ये पझोर म्हणजे लाज, बेअब्रू. चेकमध्ये चेर्स्तवी पाव म्हणजे ताजा, रशियनमध्ये चोर्स्तवी म्हणजे शिळा, वाळलेला. लिस्तोपाद म्हणजे पानगळ, पोलिशमध्ये तो नोव्हेंबर आणि क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर, तिकडे पानं आधी गळत असावीत. हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण हळूहळू लक्षात आलं की मी प्रत्येक शब्द रशियनच्या फूटपट्टीने मोजतोय, जणू ती मूळ आणि बाकीच्या तिच्या बिघडलेल्या नकला. ते तसं नाहीच. आणि ही फूटपट्टी मला कोर्सनेच दिली होती. आमच्या पहिल्या वर्षाच्या सिलॅबसमध्ये दहा आठवडे रशियन साहित्य आणि शेवटच्या आठवड्यात "इतर".

त्या "इतर"मध्ये तारास शेवचेन्को होता, एका परिच्छेदात. हा माणूस १८१४ मध्ये वेठबिगार म्हणून जन्मला, १८३८ मध्ये त्याला पैसे भरून सोडवलं, १८४० मध्ये युक्रेनियन कवितांचं पुस्तक आलं, १८४७ मध्ये अटक होऊन साधा शिपाई म्हणून लांब धाडला, आणि झारने स्वतः हुकूम जोडला की याला लिहू आणि चित्रं काढू द्यायची नाहीत. पुढे १८७६ मध्ये तर युक्रेनियनमध्ये जवळपास काही छापायलाच बंदी, बाहेरून पुस्तकं आणायलाही. मग रशियन साहित्य एवढं मोठं आणि बाकीचं एवढंसं का दिसतं, याचं उत्तर नुसतं प्रतिभेत शोधून चालेल का? २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर कितीतरी डिपार्टमेंट्समध्ये हाच वाद पेटलाय. काही जण रशियन टाळायलाच निघालेत, ते मला पटत नाही, पण "रशियन आणि इतर" हेही आता गिळवत नाही. पोलंडचं तर अजून वेगळंच, त्यांच्या राष्ट्रीय महाकाव्याची पहिली हाक लिथुआनियाला मायभूमी म्हणून, कवी जन्मला आजच्या बेलारूसमध्ये आणि पुस्तक १८३४ मध्ये छापलं गेलं पॅरिसला. एका देशाचा एक झेंडा आणि एक भाषा असं मनात धरून गेलास तर पहिल्याच ओळीला ठेचकाळतोस. हे मला फक्त रशियन करून कधीच कळलं नसतं.

म्हणून छकुलीला माझं एकच सांगणं, दुसरी भाषा दुसऱ्या वर्षाची वाट न बघता पहिल्याच वर्षी घे, युक्रेनियन असेल तर युक्रेनियन, पोलिश, सर्बियन, जी कॉलेजला असेल ती. मार्क कमी पडतील, दोन भाषांची खिचडी होईल, माझीही होते, होऊ दे.

नोकरीचं म्हणशील तर खोटं बोलत नाही, कॅम्पसमध्ये कोणी रांग लावून उभं नसतं. अनुवाद, सबटायटल, लोकलायझेशन, शिकवणं, यात जोडीला दुसरं काही येत असेल तर बरं चालतं. मी सध्या सबटायटलवर खोलीभाडं काढतो. काकांना हे सांगताना जरा सुरात सांग.

बाकी भेटल्यावर. उद्या सकाळी नऊला पोलिश अंकांची टेस्ट आहे. पुरुष असतील तर द्वाय, बायका किंवा स्त्रीलिंगी वस्तू असतील तर द्व्ये, मिश्र असतील तर द्वोये, बाकीच्या वस्तू असतील तर द्वा. वर्गात सगळे डोकं धरून बसलेत आणि मी दोघे, दोघी, दोघं, दोन म्हणत पाठ करतोय. विभक्ती लागल्यावर मात्र माझीही दातखीळ बसते, तेव्हा आता ते घेऊन बसतो.

तुझा,
पिंट्या