लिफ्ट बंद ठेवण्याची सकाळची वेळ बदलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
कार्यकारी समिती, गृहनिर्माण संस्था

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी 7 ते 9 साफसफाई व तपासणीसाठी लिफ्ट बंद राहील, अशी सूचना फलकावर लागली आहे. ही वेळ दुपारी 2 ते 4 करावी, एवढीच माझी विनंती आहे. मागच्या सभेत मी हे बोलले, तेव्हा एक सदस्य म्हणाले, "काल संध्याकाळी तर तुम्ही आवारात चांगल्या चालत होतात." ते खरे आहे. संध्याकाळी मी चालते. सकाळी मला चालवत नाही. सभेत हे दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हे पत्र.

मला नऊ वर्षांपासून रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. वयोमानाने गुडघे झिजतात, ती सांधेदुखी वेगळी. माझ्या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, आणि सूज आटोक्यात आली नाही तर हळूहळू कूर्चा आणि हाडही खराब होते. हा आजार तरुण वयातही होतो, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. बहुतेकदा सुरुवात लहान सांध्यांपासून होते: हाताची बोटे, मनगटे आणि पायांचे चवडे. वाकडी झालेली हाताची बोटे लोकांना दिसतात, पाय मात्र बुटांत झाकलेले राहतात. मीसुद्धा पहिले वर्षभर चपलांनाच दोष देत होते, तीन जोड बदलले.

रात्रभर हालचाल नसली की सांधे आखडतात. पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकते तेव्हा फरशीवर खडी पसरली आहे आणि मी अनवाणी तिच्यावर उभी आहे, असे वाटते. हा ताठरपणा सुटायला एरवी तासभर लागतो, आजार उसळलेला असेल तर दोन-अडीच तास. सदस्यांनी पाहिलेली मी संध्याकाळची, सगळे सांधे मोकळे झाल्यानंतरची.

चवड्याच्या हाडांखाली एक मऊ गादी असते. माझ्या पायांत ती बोटांच्या दिशेने पुढे सरकली आहे, त्यामुळे वजन थेट हाडांच्या टोकांवर येते आणि तिथे घट्टे पडले आहेत. अंगठा शेजारच्या बोटावर कलला आहे. बाकीची बोटे आकड्यासारखी वर उचलली गेली आहेत आणि त्यांची पेरे बुटाला घासतात. डाव्या पायाची कमान बसली आहे. माझी औषधे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी असल्याने साध्या खरचटण्यातूनही संसर्ग होण्याची भीती असते, म्हणून रोज रात्री मी तळवे आरशात तपासते. पुढून रुंद बूट आणि आत खास बनवून घेतलेली तळपट्टी, यांवर माझे चालणे उभे आहे.

यात सर्वांत अवघड काम जिना उतरणे. चढताना दम लागतो, पण जमते. उतरताना खालच्या पायरीवर आधी चवडाच टेकतो आणि अंगाचा सगळा भार त्याच दुखऱ्या सांध्यांवर येतो. कठडा धरावा म्हटले तर सकाळी मूठ नीट वळत नाही. गेल्या गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरून उतरायला मला सव्वीस मिनिटे लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी खाली बसले होते. शाळेला निघालेल्या एका मुलीने माझी पिशवी न सांगता खाली नेऊन ठेवली. तिचे आभार मानायचे राहून गेले.

मी कामाला आठ वाजता निघते, म्हणजे नेमकी लिफ्ट बंद असते तेव्हा. आणखी उशिरा निघायची सवलत मला मिळत नाही आणि आणखी लवकर उठले तर पाय त्याहून ताठ असतात. लिफ्टची देखभाल आवश्यकच आहे, ती टाळावी असे मी म्हणत नाही. तपासणीला येणाऱ्यांशी दुपारच्या वेळेबद्दल मी स्वतः बोलायला तयार आहे. त्यांना दुपार अगदीच जमत नसेल तर सकाळी 10 नंतरची कोणतीही वेळ चालेल. येत्या सोमवारी लिफ्ट सुरू असेल की नाही, एवढे कृपया रविवारपर्यंत कळवावे, म्हणजे मला त्या दिवसाची सोय करता येईल.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरील एक सभासद